दर्यावरचे एकांडे शिलेदार

३ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ल कोंके नावाच्या लहानशा बंदरात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ आपली कयाक वल्हवीत दाखल झाले, तेव्हा त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला सहा दिवस उरले होते आणि अमेरिकेतील न्यू जर्सीचा किनारा सोडून त्यांना ११० दिवस लोटले होते. अलेक्सांदर डोबा हे त्यांचे नाव. पोलंडमधील एका रासायनिक कारखान्यात अभियंता म्हणून नोकरी केलेल्या या मनुष्याने शिडाचा, यंत्राचा वा सोबत्याचा आधार न घेता, केवळ हातातील वल्ह्याच्या बळावर अटलांटिक महासागर ओलांडण्याची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेस, २०१०-११ साली, सेनेगलमधील डाकारहून निघून ते ९९ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले, त्या वेळी त्यांचे वय ६४ होते. दुसऱ्या खेपेस, ऑक्टोबर २०१३ मध्ये लिस्बन सोडून एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी फ्लोरिडा गाठले, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. कयाकचा नाद त्यांना लागला तोच मुळी तिशी उलटल्यावर. आणि ज्या साहसामुळे जगाने त्यांची दखल घेतली, ते सारे साठीच्या पलीकडचे आहे. हा वयाचा हिशेब मला विलक्षण वाटत आला आहे. आणि तो अपवाद म्हणून बाजूला न ठेवता नीट तपासून पाहावा, अशी माझी धारणा आहे.

प्रथम हे वाहन कसे असते ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे पुष्कळांनी ते किनाऱ्यावरील सहलीच्या ठिकाणी रंगीत प्लॅस्टिकच्या उघड्या होडक्याच्या रूपात पाहिलेले असते, आणि लांब पल्ल्याच्या कयाकशी त्या होडक्याचे नाते दूरचेच आहे. उत्तर ध्रुवाकडील हिममय प्रदेशातील इन्युइट लोकांनी सीलच्या शिकारीसाठी लाकडाच्या वा हाडाच्या सांगाड्यावर कातडे ताणून जी अरुंद, वरून झाकलेली नाव शेकडो वर्षांपूर्वी सिद्ध केली, तिचाच आकार आजच्या सागरी कयाकने जतन केला आहे. लांबी सोळा ते अठरा फूट, रुंदी जेमतेम दोन फूट, वजन पंचवीस किलोच्या आसपास. मध्यभागी बसण्यापुरते एक भोक, त्यात पाय पुढे पसरून बसायचे, आणि कमरेभोवती घट्ट बसणारे एक आच्छादन त्या भोकाच्या कडेला अडकवायचे, म्हणजे लाट अंगावरून गेली तरी पाणी आत शिरत नाही. पुढे व मागे जलाभेद्य कप्पे असतात. त्यांत तंबू, शिधा, पाणी, कपडे, औषधे असा आठवड्याभराचा सरंजाम मावतो. वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले, म्हणून ते होडीला टेकवावे लागत नाही. वेग तासाला पाच-सहा किलोमीटर, म्हणजे शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने झपाझप फेऱ्या घालणाऱ्या माणसाइतकाच. पण तो सहा-सात तास टिकवता आला तर दिवसाकाठी तीसेक किलोमीटरची मजल सहज होते. डोबांची ‘ओलो’ मात्र याहून निराळी होती: सात मीटर लांब, मुद्दाम महासागरासाठी बांधलेली, आणि निजण्यापुरती एक चिंचोळी कोठडी असलेली. किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ इच्छिणाऱ्याला तिची गरज नाही.

शिवाजी पार्कचा उल्लेख आला तो सहज नव्हे. दादर-माहीमच्या टापूत निवृत्तीचे आयुष्य कंठणारी हजारो सुस्थित, सुशिक्षित, प्रकृतीने बरी माणसे रोज पहाटे मैदानाला फेऱ्या घालतात. त्या मैदानापासून समुद्र दोन-तीन गल्ल्यांवर आहे, आणि तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांनी उभ्या जन्मात एकदाही स्वतःच्या हाताने पाणी वल्हवलेले नसते. आपली नजर समुद्राकडे असते, पाय मात्र जमिनीवर. याची कारणे जुनी आहेत. समुद्रगमनाचा निषेध आपल्या वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातींनी शतकानुशतके पाळला. सावरकरांनी ज्या सात स्वदेशी बेड्यांवर आघात केला, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. आणि निषेध गेला तरी सवय उरली. पण त्याच माहीमच्या किनाऱ्यावर कोळीवाडा आहे, आणि तेथे साठी ओलांडलेला माणूस पहाटे एकट्याने लहान होडी ढकलून जाळे टाकायला जाणे यात कोणाला नवल वाटत नाही. त्याला साहस म्हणत नाहीत, त्याला धंदा म्हणतात. १८४५ साली लेडी जमशेटजींच्या उदार देणगीतून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा कॉजवे बांधून पुरा झाला. तोवर या दोन गावांमधला व्यवहार तरीनेच चालत असे. म्हणजे पाणी ओलांडणे ही आमच्या या बेटाची रोजची रीत होती, आणि ती अशा काही फार पुरातन काळातली नव्हे.

मुंबईचा या विषयाशी जो थेट संबंध आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ सोडून २२ एप्रिल १९६९ रोजी ते तेथेच परतले, आणि त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी शेवटास गेलेले ते एकटेच. त्यांची बत्तीस फुटांची ‘सुहैली’ मुंबईत बांधली गेली होती. सागवानाची एक-एक फळी येथल्या सुतारांनी वाकसाने तासून बसवली होती. हे झाले तारुण्यातले. परंतु हेच गृहस्थ २००६ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, पुन्हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले आणि पुढच्या वर्षी चौथ्या क्रमांकाने ती पुरी केली. २०१४ साली, पंचाहत्तरी गाठल्यावर, फ्रान्सहून ग्वाडलूपपर्यंतच्या एकांड्या शर्यतीत त्यांनी आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळवला.

२००६ च्या त्या शर्यतीच्या तयारीत त्यांच्या हाताखाली उमेदवारी करण्यासाठी भारतीय नौदलाचा एक अधिकारी गेला होता. कमांडर दिलीप दोंदे. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा संकल्प व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले, नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर फलटणजवळ विंचुर्णी येथे राहिलेले हे गृहस्थ त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. निवृत्तीनंतर दोन तपांहून अधिक काळ लोटल्यावर, स्वतः जाणे शक्य नाही हे ओळखून, दुसऱ्याला धाडण्यासाठी दप्तरोदप्तरी पाठपुरावा करणारा हा वृद्ध मला त्या संपूर्ण मोहिमेतील सर्वांत थोर पुरुष वाटतो. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटांची नौका बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात, दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे व केपटाउन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये मुंबईस परतले. चाळिशी ओलांडलेला, हा संकल्प अंगावर घेण्याअगोदर लांब पल्ल्याच्या एकांड्या शिडप्रवासाचा काही अनुभव नसलेला हा मराठी अधिकारी असे करणारा पहिला भारतीय ठरला.

कयाकपुरते बोलायचे तर आपल्या किनाऱ्यावरचे ठळक उदाहरण कौस्तुभ खाडे या मुंबईकर तरुणाचे आहे. आयआयटीत शिकलेल्या या तरुणाने २०१६-१७ च्या हिवाळ्यात गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे तीन हजार किलोमीटरचा पश्चिम किनारा एकट्याने वल्हवीत ८४ दिवसांत पार केला; किनाऱ्यावरून शांजली शाही सायकलने त्याच्या मुक्कामांचा माग ठेवीत होत्या. त्याच्याही आधी, १९३२ साली जर्मनीतील उल्म येथून डॅन्यूबच्या पात्रात घडीची कयाक सोडून सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचलेला ओस्कार श्पेक कराची सोडल्यावर याच किनाऱ्याने दक्षिणेस सिलोनकडे गेला होता. हे दोघे ऐन उमेदीतले. पण त्यांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध करून ठेवली आहे, ती ही की आपला पश्चिम किनारा, योग्य ऋतूत, हातवल्ह्याने चालता येण्याजोगा आहे.

आता मूळ प्रश्न. वय काय हिरावून घेते आणि काय देते? हिरावून घेते त्याची यादी वैद्यकाने स्पष्ट केली आहे. बैठे आयुष्य जगणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकास सुमारे दहा टक्क्यांनी घटत जाते, स्नायू झिजतात, खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायुबंध कमकुवत होतात, तोल सावरण्याचा वेग मंदावतो, आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे उन्हात वल्हवणाऱ्या वृद्धाला शरीरातील पाणी संपत आल्याचे उशिरा कळते. रक्तदाबावरील काही औषधे लघवीवाटे पाणी बाहेर काढतात, त्यांनी या धोक्यात भरच पडते. म्हणून तहान लागो वा न लागो, घड्याळ लावून पाणी प्यायचे हा वयस्कर वल्हेकऱ्याचा पहिला नियम, आणि निघण्यापूर्वी हृदयाची व रक्तदाबाची रीतसर तपासणी हा त्याच्याही आधीचा.

मात्र वल्हवण्याच्या विद्येत बाहुबळाला जे स्थान आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते, ते खरोखर तेथे नाही. नवशिका दंडाने ओढतो आणि तासाभरात दमतो. जाणता पायाची टाच आतल्या आधाराला रोवतो, कंबर व पाठ वळवतो, आणि त्या वळणाचा जोर वल्ह्याच्या पात्यापर्यंत पोहोचवण्यापुरतेच हात वापरतो. मूठ सैल, कोपरे खांद्याच्या खाली. मूठ आवळली की मनगट सुजते, कोपर खांद्यावर गेले की लाटेच्या धक्क्याने खांदा निखळण्याची भीती. ही विद्या सावकाश, वारंवारतेने आणि नम्रपणे शिकण्याची आहे. वेग हवा असणाऱ्या तरुणाला ती कंटाळवाणी वाटते. वयस्कर माणसाजवळ मात्र ती शिकायला वेळही असतो आणि आपल्या शक्तीची मर्यादा ठाऊक असल्यामुळे ती काटकसरीने खर्चण्याची सवयही.

याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण ऑड्री सदरलँड या स्त्रीचे आहे. १९२१ साली जन्मलेल्या, हवाई बेटांवर चार मुलांना एकटीच्या बळावर वाढवलेल्या या बाईंनी १९८० साली, साठीला टेकल्या असताना, नोकरीचा राजीनामा दिला आणि हवा भरून फुगवण्याच्या एका छोट्या कयाकमधून अलास्काच्या थंड, पावसाळी, अस्वलांच्या किनाऱ्याने सुमारे ८५० मैलांचा प्रवास एकटीने केला. आणि त्यानंतरही वीसएक वर्षे उन्हाळ्यामागून उन्हाळे त्या त्याच पाण्यावर जात राहिल्या. त्यांच्याजवळ मोठा पैसा नव्हता, प्रायोजक नव्हता, विक्रमाची हाव नव्हती. सामानाची चोख निवड, स्वतः वाळवून बांधून घेतलेला शिधा, आणि वारा प्रतिकूल असेल त्या दिवशी किनाऱ्यावर स्वस्थ बसण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर त्यांनी ते सारे केले. २०१५ साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

स्वस्थ बसण्याची तयारी, आणि परत फिरण्याची. एकट्या माणसाच्या बाबतीत सारे सामर्थ्य येथे येऊन ठेपते, कारण उलटलेली कयाक सरळ करायला दुसरा हात नसतो. डोबांची तिसरी मोहीम वस्तुतः २०१६ साली सुरू व्हायची होती. परंतु न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यातील लाटांनी त्यांची नाव उलथवली, नुकसान झाले, आणि त्यांनी मोहीम एक वर्ष पुढे ढकलली. सत्तरीच्या उंबरठ्यावर एक वर्ष गमावणे ही लहान किंमत नव्हे. ती त्यांनी दिली, म्हणून पुढल्या वर्षी ते पलीकडे पोहोचले. दुसऱ्या मोहिमेत सुकाणू मोडले तेव्हा त्यांनी वाट वाकडी करून बर्म्यूडा गाठले, दुरुस्ती करवून घेतली, मग पुढे गेले. खाऱ्या ओलाव्याने त्वचा सोलून निघाली, डोळे आले, अंगावर कपडा सोसेना, ते सारे त्यांनी सोसले. पण मोडक्या सुकाणूनिशी पुढे जाण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. सोसण्याचा हट्ट आणि थांबण्याचा विवेक एकाच माणसात नांदणे हे तारुण्यात विरळा आढळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, किलिमांजारोच्या माथ्यावर पोहोचल्यावर, जरा विसावतो म्हणून ते बसले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

एकांताविषयीही दोन शब्द. उतारवयात एकटेपण बहुधा लादलेले असते: मुले परदेशी, जोडीदार गेलेला, सोबती एकामागून एक कमी होत चाललेले. त्या एकटेपणाची धास्ती घेतलेली माणसे मी माहीमच्या इमारतींतून पुष्कळ पाहतो, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून कळवळा वाटतो. वल्हे हाती घेऊन निघालेल्याचे एकटेपण निराळे असते. ते त्याने स्वतः मागून घेतलेले असते, आणि वारा, प्रवाह, पुढचा मुक्काम, पाण्याची बाटली असल्या सतत लक्ष मागणाऱ्या गोष्टींनी ते गच्च भरलेले असते. वानप्रस्थाची जी कल्पना आपल्या पूर्वजांनी केली, तीत अरण्य होते. समुद्र तीत बसवायला काही प्रत्यवाय असावा असे मला वाटत नाही.

ज्यांच्या मनात हे येईल त्यांच्यासाठी आता व्यवहाराच्या गोष्टी. माहीमच्या खाडीत मात्र कोणी शिकू नये. मिठी नदी शहराचे सांडपाणी घेऊन तेथे उतरते, आणि त्या पाण्यात उलटे होऊन सरळ होण्याचा सराव करणे म्हणजे आजाराला निमंत्रण देणे होय. ही खाडी पुन्हा वल्हवण्याजोगी व्हावी, माहीम आणि वरळीच्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना शिकण्यासाठी तेथे एक साधा उतार आणि एक छप्पर असावे, ही मागणी आपण महानगरपालिकेकडे लावून धरली पाहिजे. तोवर शिक्षणासाठी अलिबाग-मांडव्याकडचे किंवा मालवण-तारकर्लीकडचे पाणी बरे. एका हंगामात निदान तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: उलटलेल्या कयाकमधून सुटणे, पाण्यातून एकट्याने परत तीत चढणे, आणि फुटत्या लाटांतून किनाऱ्याला लागणे.

भरती-ओहोटीचे ज्ञान आपल्या कोकणात घरोघर होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या बाजूस भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने निघते: अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा प्रवाह जोराचे. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा सौम्य. नवख्या वयस्कर माणसाने भांगाचे दिवस धरावेत. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो व समुद्र किनाऱ्यालगत शांत असतो. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो आणि पाणी खवळते. तेव्हा उजाडताच निघावे आणि दुपारी बाराच्या आत जमिनीला लागावे. मासेमारीबंदी १ जूनला लागून ३१ जुलैला उठते, पण कयाकसाठी समुद्र निवळतो तो ऑक्टोबर सरताना; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. सर्वांत जपायचे ते खाड्यांच्या मुखाशी. तेथे वाळूचे दांडे साचलेले असतात, आणि ओहोटीचे बाहेर पडणारे पाणी व समुद्रावरून आत येणाऱ्या लाटा यांची गाठ पडली की लाटा एकाएकी उंच आणि उभ्या होतात. खाडीत शिरायचे ते भरतीबरोबरच, आणि कोठून शिरायचे हे आदल्या मुक्कामी तेथल्या एखाद्या तांडेलाला आदराने विचारून घ्यावे. नकाशात नसलेला दांडा त्याला ठाऊक असतो.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर आपला किनारा कडक पहाऱ्याखाली आहे, आणि तो तसा असणे रास्तच आहे. म्हणून निघण्याच्या पुष्कळ आधी महाराष्ट्र सागरी मंडळ, तटरक्षक दल आणि वाटेवरील सागरी पोलीस ठाणी यांना लेखी कळवून परवानगीची तजवीज करावी, ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवाव्यात, आणि नौदल, बंदर व अणुशक्ती केंद्राच्या निषिद्ध हद्दींच्या जवळपासही फिरकू नये. अंगात प्राणरक्षक जाकीट सदैव. बिनतारी संच व संकटसूचक यंत्र त्याच जाकिटाच्या खिशात, कयाकच्या कप्प्यात नव्हे, कारण कयाक हातून सुटू शकते. तटरक्षक दलाचा संकटसमयीचा क्रमांक १५५४ पाठ असावा. रोजच्या मुक्कामाची वेळ घरी कळवलेली असावी, आणि ठरल्या वेळेनंतर किती तासांनी चौकशी सुरू करायची हे घरच्यांना लिहून दिलेले असावे.

महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटरांचा. तो एका दमात पुरा करण्याचे बंधन कोणावर नाही. पहिल्या हंगामात मांडव्याहून निघून किहीम, अलिबाग, रेवदंडा असे मुक्काम करीत मुरूडपर्यंत जावे; वाटेत कुंडलिकेचे मुख लागते, ते वर सांगितलेल्या रीतीने सांभाळावे. दुसऱ्या हंगामात दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोटावरून हर्णै; तिसऱ्यात दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी; चौथ्यात विजयदुर्ग, देवगड, मालवण; आणि पाचव्यात निवती, वेंगुर्ला, रेडी करून तेरेखोलच्या खाडीत, भरती लागल्यावर, शिरावे.